चार मिनिटं दहा सेकंद

मिनिटरावांना हे नाव मी ठेवलं असा कारखान्यात समज आहे, आणि तो खरा आहे. फार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी निरोप समारंभात कामगार अधिकारी ‘दोनच मिनिटं बोलतो’ म्हणून उभे राहिले. ते खाली बसले तेव्हा मागच्या रांगेतून शांत आवाज आला, “तेवीस.” हातात घड्याळ नाही, भिंतीवर घड्याळ नाही. माणूस मनात मोजत बसला होता. त्या दिवसापासून कामगार अधिकाऱ्यांनी त्यांना रजा देताना कायम खळखळ केली, आणि मी नाव देऊन टाकलं.

मोजायची खोड त्यांना कामाने लावली होती. आमचा कारखाना ट्रान्सफॉर्मरच्या तांब्याच्या गुंडाळ्या रेझिनमध्ये ओततो. साच्यात गुंडाळी ठेवायची, वरून पातळ रेझिन सोडायचं, ते तारांच्या फटीफटीत शिरतं आणि काही वेळाने दगड होतं. सगळी गोम त्या ‘काही वेळाने’मध्ये. लवकर घट्ट झालं तर फटी रिकाम्या राहतात. उशीर झाला तर साचा उघडल्यावर गुंडाळीचं पोट मऊ निघतं. रेझिन किती वेळ वाहील आणि कधी वाहायचं सोडेल, हे ओतणाऱ्यांना आधी सांगणं हे आमच्या प्रयोगशाळेचं काम.

त्यासाठी रिओमीटर नावाचं यंत्र आहे. नाव भारदस्त, काम साधं. दोन गोल चकत्या, एकीवर एक, मधे चमचाभर रेझिन. वरची चकती जराशी इकडे, जराशी तिकडे डुलत राहते आणि डुलायला किती जोर लागतो ते यंत्र लिहून ठेवतं. सुरुवातीला जोर लागतच नाही. मग मध ढवळावा तसं होतं, मग ओली कणीक, आणि पुढे एका क्षणी वाहणं संपून घट्टपणाचं राज्य सुरू होतं. पडद्यावर दोन रेघा एकमेकींना छेदतात. तो छेद म्हणजे आमचं उत्तर.

एक गोष्ट मात्र यंत्राला कळत नाही. त्याचं घड्याळ आपण बटण दाबल्यावर सुरू होतं. रेझिनचं घड्याळ त्याला घट्ट करणाऱ्या हार्डनरचा पहिला थेंब पडला तेव्हाच सुरू झालेलं असतं. मधली मिनिटं माणसाच्या हाताची: ढवळायचं, चकतीवर घालायचं, वरची चकती खाली आणायची, बाहेर आलेली कड पात्याने गोल साफ करायची. ती मिनिटं मोजायला दुसरं माणूस लागतं. ते मी.

पद्धत मिनिटरावांनीच घालून दिलेली. पहिला थेंब पडला की ते म्हणायचे, “पडलं!” मी स्टॉपवॉच दाबायचं. त्यांनी यंत्राचं बटण दाबलं की मी घड्याळ थांबवायचं, आकडा मोठ्याने सांगायचा आणि वहीत लिहायचा. खाली सही त्यांची. तीन पन्नास, चार पाच, तीन बावन्न, असे आकडे असायचे. मी नवीन असताना एकदा विचारलं होतं, “तुम्ही मनात मोजताच ना, मग माझी काय गरज?” तर म्हणाले, “मनात येतो तो अंदाज, बाई. घड्याळ सांगतं ते माप. दोघांचं भांडण लागलं तर घड्याळाची बाजू घ्यायची.”

मी नमुन्यांची वही ठेवते, आणि कुणी न सांगता माणसांचीही. म्हणजे कागदावर नाही, मनात. कोण ‘खरं सांगायचं तर’ म्हणून खोटं बोलतो, कोण दुसऱ्याच्या डब्यात डोकावल्याशिवाय आपला उघडत नाही, कुणाची डोकेदुखी नेमकी सोमवारी उठते. ओतकामाचा फोरमन दरवर्षी ‘यंदा शेवटचं वर्ष, मग शेती’ म्हणतो आणि त्याच्या नावावर कुंडीसुद्धा नाही. या नोंदी क्वचितच चुकतात, असा माझा लौकिक होता. निदान माझ्यापुरता.

मिनिटरावांच्या हाताची नोंद मी सगळ्यांच्या आधी केली. कड साफ करताना पातं एका फेरीत फिरायचं, सफरचंदाची साल न तुटता निघावी तसं. गेल्या हिवाळ्यात ते अडखळायला लागलं. आधी दोन फेऱ्या लागल्या, मग चार. उजव्या हाताचा अंगठा आपल्याच लयीत हलायचा. ते तो हात एप्रनच्या खिशात घालून बोलायचे. पूर्वी हे गृहस्थ खिशात हात घालणाऱ्या लोकांवर टीका करायचे.

आमचा एक नियम आहे. मधला वेळ पाच मिनिटांच्या वर गेला तर चाचणी रद्द, आणि तशी नोंद. एका महिन्यात तीन रद्द झाल्या तर परीक्षकाची हात-तपासणी. त्यात नापास झालेल्याला यंत्रावर उभं करत नाहीत. मिनिटरावांना निवृत्तीला दहा महिने होते. नापास झाले असते तर ते दहा महिने त्यांनी गोदामात पिंपं मोजली असती.

मार्चमध्ये दोन चाचण्या रद्द झाल्या. पाच वीस, पाच पस्तीस.

“पात्याला धार नाही,” ते म्हणाले.

“कालच नवीन काढलंय,” मी म्हटलं.

“मग नवीन पात्यांना धार नसते हल्ली.” हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, “बाई, मला एवढंच हवंय. जायचं ते या यंत्रापुढून जायचं. गोदामाच्या दारातून नाही.”

“कोण घालवतंय तुम्हाला? तुम्ही गेलात तर मी कुणाला नावं ठेवू?”

तिसऱ्या वेळी जे झालं ते ठरवून झालं नाही, हे मी शपथेवर सांगेन, जरी आता त्याला काही किंमत नसली तरी. त्यांनी “पडलं!” म्हटलं आणि माझं लक्ष त्यांच्या अंगठ्याकडे होतं. हार्डनरची बाटली काचेवर टकटक वाजत होती. ती वाजायची थांबली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की घड्याळ दाबलेलंच नाही. दाबलं. शेवटी आकडा निघाला चार मिनिटं दहा सेकंद.

“किती?”

“चार दहा.”

त्यांचा चेहरा असा उजळला की बोलायला तोंड उघडलं होतं ते मी मिटलं. चार दहा लिहिलं. त्यांनी सही केली.

पुढच्या वेळी मी ठरवून उशीर केला. त्यानंतर ठरवावंही लागलं नाही. ते “पडलं” म्हणायचे, मी त्यांचे हात बघत थांबायचे, आणि आता इथून चार मिनिटांत होईल असं वाटलं की दाबायचे. चार दहा, चार पाच, चार दहा. हात जसजसे जड होत गेले तसतशी मी जास्त थांबत गेले. शेवटी शेवटी खरा वेळ आठ-नऊ मिनिटांवर गेला होता. मला वाटायचं, मी म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून देते आहे. कुणाचं काय बिघडतंय?

बिघडत होतं ते पडद्यावर. जे रेझिन चकतीवर चार मिनिटांचं म्हणून येत होतं ते खरं तर आठ मिनिटांचं होतं. त्यामुळे ते आल्या आल्याच जास्त दाट दिसायचं आणि रेघांचा छेदही लवकर यायचा. महिन्यामागून महिना. कागदावरून सरळ दिसत होतं की रेझिन बिथरलंय, पूर्वीपेक्षा लवकर आळतंय.

आमच्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, वयाने मिनिटरावांच्या मुलीएवढ्या. कागद मात्र त्या वकिलासारख्या वाचतात. त्यांनी मेमध्ये विचारलं, “काका, चकतीवर घालायला उशीर होत नाहीये ना? असा आलेख उशिराचाच असतो.”

मिनिटरावांनी वही पुढे केली. “हे बघा. चार दहा, चार पाच, चार दहा. वेळेत घातलंय. म्हणजे दोष रेझिनचा.”

मी शेजारी उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं.

फोरमन वर आला. “अहो मिनिटराव, खाली तर झकास वाहतंय. माझी माणसं म्हणतात काही फरक नाही.”

“तुमच्या माणसांना वाटतो तो अंदाज.”

“आणि तुमचं?”

“माझं माप आहे.”

“बरं बाबा, माप तर माप,” फोरमन म्हणाला. “पण मापाला सांगा, ओतायला खाली येत जा कधी.”

मापाप्रमाणे पत्र निघालं: घट्ट होण्याचा वेग वाढवणारा अॅक्सिलरेटर कमी करा. त्यावर सही मिनिटरावांची. जुलैत आणखी कमी करा. तीच सही.

त्या महिन्यांत त्यांच्यात आणखी काही बदल झाले, आणि मी ते इमानाने माझ्या मनातल्या वहीत टिपले. आकडा ऐकून ते आता गप्प बसत नसत. “चार दहा? नक्की?” असं विचारायचे. मी “नक्की” म्हणायचे. ते माझ्याकडे क्षणभर बघायचे आणि सही करायचे. मी नोंद केली: समाधान. एक दिवस त्यांनी रसायनांच्या कपाटाच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या. “या तुमच्याकडेच असू द्या. माझ्याकडून कुठे राहतील.” नोंद केली: विश्वास. त्यांची मुलगी नवऱ्याच्या गावी बदली घेऊन गेली आणि नातीलाही घेऊन गेली. ही नात म्हणजे भिंगरी. तिला रोज सकाळी शाळेत सोडून मिनिटराव कामावर यायचे आणि तिचे पराक्रम चहाबरोबर मला पाजायचे. मी नोंद केली: मुलगी महत्त्वाकांक्षी.

सप्टेंबरात फोरमनने एक गुंडाळी मॅडमच्या टेबलावर आणून ठेवली. नुकती साच्यातून काढलेली. तिच्यावर अंगठ्याचं नख दाबलं. नख उठलं.

“एकोणीस आहेत अशा,” तो म्हणाला. आज त्याच्या तोंडात शेती नव्हती. “काल रात्रीपासून सगळं ओतकाम बंद आहे. माझे दोन मिसळणारे चौकशीला उभे केलेत वरून. ते म्हणतात, आम्ही पत्रात होतं तेवढंच घातलं. तेवढंच घातलंय मॅडम त्यांनी, मी स्वतः पाहिलंय.”

मॅडमनी राखीव नमुने काढायला सांगितले. आलेल्या प्रत्येक पिंपातला थोडा माल आम्ही थंड कपाटात जपून ठेवतो, उद्या भांडण झालं तर साक्षीला. त्या दिवशी मिनिटराव डॉक्टरकडे गेले होते. मॅडम म्हणाल्या, “बाई, तुम्ही घाला चकतीवर. घड्याळ मी धरते.”

मार्चचा नमुना, मेचा, जुलैचा. मी घातले. चार मिनिटं, तीन पंचावन्न, चार वीस. तिन्ही आलेख एकावर एक ठेवले तर एकच रेघ वाटावी, आणि ती रेघ गेल्या वर्षीच्या रेघेसारखीच. रेझिनला काहीही झालेलं नव्हतं.

मॅडमनी वही मागितली आणि वेळेचा रकाना बोटाने वरून खाली वाचला. मार्चच्या आधी आकडे कसेही पसरलेले होते, खऱ्या माणसाचे असतात तसे. मार्चनंतर चार दहा, चार दहा, चार पाच, चार दहा. शाळेतल्या कवायतीसारखे.

“उद्या काका आले की दोघं माझ्याकडे या,” त्या म्हणाल्या.

रात्रभर मी काय काय बोलायचं ते जुळवलं. सकाळी त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही.

मॅडमनी मिनिटरावांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. त्यांनी तिन्ही नवे आलेख पाहिले आणि एका नजरेत त्यांना सगळं कळलं, हे मला त्यांच्या मानेवरून दिसलं.

“म्हणजे उशीर होत होता,” ते म्हणाले. “माझ्याकडून.”

“पण वहीत चार दहा आहे, काका. वेळ कोण लिहितं?”

“सही माझी आहे. म्हणजे मीच.”

“मी लिहिणाऱ्याचं विचारतेय.”

“सही करणारा जबाबदार असतो, मॅडम. नियमच आहे तसा. बाईंना यात ओढू नका. त्यांनी घड्याळात दिसलं ते लिहिलं.”

त्यांनी मला पाठीशी घातलं. मी त्यांच्या पाठीशी आहे असं मला सात महिने वाटत होतं, आणि ते बेधडक माझ्यापुढे येऊन उभे राहिले. मग मी बोलले. जास्त नाही, चार वाक्यं. घड्याळ मी उशिरा दाबायचे. मार्चपासून. त्यांना माहीत नव्हतं. तिसरी चाचणी रद्द होऊ नये म्हणून सुरू झालं.

खोलीत खालून ओतकामाच्या पंपाचा आवाज येतो एरवी. तो आज नव्हता.

मिनिटरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या वहीकडे बघत विचारलं, “किती?”

“सुरुवातीला एखादं मिनिट. मग तीन. नंतर चार, पाच.”

“प्रत्येक वेळी?”

“प्रत्येक वेळी.”

त्यांनी मान हलवली. रागाने नाही. एखादा जुना हिशेब एकदाचा जुळावा, आणि जुळून उपयोग नसावा, तशी. मग एप्रन काढला. बटणं निघायला वेळ लागला. आम्ही दोघी बघत राहिलो, कुणी पुढे झालं नाही. एप्रनची घडी करून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि ते गेले. सांगितल्याप्रमाणे यंत्रापुढून नाही. गोदामाच्या दारातूनही नाही. मॅडमच्या खोलीतून.

मिसळणाऱ्या दोघांची चौकशी मिटली. मला लेखी ताकीद मिळाली आणि वही माझ्या हातून गेली. मिनिटरावांची उरलेली रजा आणि निवृत्ती एकमेकींना जोडून दिली, म्हणजे ते परत यायचं कारण उरलं नाही. राहिला प्रश्न त्या सात महिन्यांच्या चाचण्यांचा. एकूण त्रेसष्ट. प्रत्येकीचा ‘अग्राह्य’ असा एक कागद काढायचा आणि त्यावर मूळ परीक्षकाची सही घ्यायची, असं वरून आलं.

“मी टपालाने पाठवते,” मॅडम म्हणाल्या.

“मी नेते,” मी म्हटलं.

“बाई, ते तुमच्याशी बोलतील का?”

“नाही बोलले तर नाही बोलले. सह्या तर करतील.”

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. दार वहिनींनी उघडलं. मिनिटरावांची बायको, बोलकी, पोटात काही न ठेवणारी. “या,” म्हणाल्या. एवढ्या वर्षांत या बाईंनी मला नुसतं ‘या’ म्हणून सोडल्याची ही पहिली वेळ.

मिनिटराव स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. मी गठ्ठा पुढे ठेवला, काय आहे ते सांगितलं. त्यांनी पहिला कागद उचलून वाचला. दुसराही वाचला. न वाचता सही करणारा माणूस नव्हताच तो. पेन धरलं. सही व्हायला पूर्वी डोळ्याची पापणी लवायचा वेळ लागायचा. आता अक्षरं एकेक करून, मुंगीने ओझं न्यावं तशी पुढे सरकत होती.

दहा-बारा कागद झाले. वहिनींनी चहा आणून ठेवला. माझ्यापुढे कप ठेवताना म्हणाल्या, “तुम्हाला एक विचारू? त्यांनी ‘पडलं’ म्हटल्यावर तुम्ही किती वेळ थांबायचात?”

“अगं, असू दे,” मिनिटराव म्हणाले.

“का असू दे? मला कळू दे ना. सहा महिने या घरात काय चाललं होतं ते यांनाही कळू दे.” त्या खुर्ची ओढून बसल्या. “हे मनात मोजतात, माहितीय तुम्हाला?”

“माहितीय.”

“मोजायचे. थेंब पडल्यापासून. यांच्या मोजणीने व्हायची सात मिनिटं आणि तुम्ही सांगायचात चार दहा. एप्रिलात एका संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, माझं डोकं चाललंय. हात चाललेत ते कळत होतं, आता डोकंही. इथे, या खुर्चीवर बसून, त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून मोजायचे. मी घड्याळ बघायची. दहा मिनिटं म्हणाले की दहाच. पंधरा म्हणाले की पंधरा. मी म्हटलं, अहो, सगळं बरोबर आहे तुमचं. तर म्हणाले, हेच वाईट आहे. घरी बरोबर येतं आणि कामावर चुकतं, म्हणजे ते मधूनच जातंय. कधी जाईल ते सांगता येणार नाही.”

मिनिटराव सही करत होते. एक अक्षर, मग पुढचं.

“मी सांगत होते, घड्याळच खोटं असेल. तर माझ्यावर खेकसले. घड्याळ बाईंच्या हातात आहे, म्हणाले.”

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

“मग जूनमध्ये शाळा उघडली, आणि एक दिवस भिंगरीचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभे होते,” वहिनी म्हणाल्या. “समोरून गाडी येत होती, लांब. ओलांडायला वेळ आहे की नाही, यांना ठरवता येईना. ठरवता येत होतं हो. पण विश्वास बसेना. पोर म्हणतेय, आजोबा चला, चला ना. हे तिथेच. शेवटी कुणीतरी ओलांडून दिलं दोघांना. त्या रात्री मुलीला सांगितलं, मी हिला सोडायला जाणार नाही. कारण विचारलं तर कारण देईनात. मुलगी चिडली. तिची सकाळची पाळी, जावई फिरतीवर, मला गुडघ्याने जिना उतरवत नाही. दोन महिने कशीबशी ओढली तिने. मग सासरच्या गावी बदली घेतली.”

“वहिनी, मला…”

“तुम्हाला माहीत नव्हतं. ते आलं माझ्या लक्षात. त्यांचं भलं करायला गेलात तुम्ही.” त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच मला सोसवेना. “तुम्ही सगळ्यांच्या बारीकसारीक गोष्टी टिपता म्हणे. हे नाही दिसलं?”

दिसलं होतं. ‘नक्की?’ दिसलं होतं, किल्ल्या दिसल्या होत्या, मुलगी गेलेली दिसली होती. प्रत्येकापुढे मी माझ्या सोयीचा शब्द लिहिला होता.

मी मिनिटरावांकडे वळले. “तुमची मोजणी बरोबर होती. प्रत्येक वेळी. एकदाही चुकली नाही. हे मी लिहून द्यायला तयार आहे. मुलीला पत्र लिहिते, फोन करते. ती परत…”

“तिची शाळा सुरू झालीय तिकडे,” ते म्हणाले. त्या दिवसातलं माझ्याशी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य. “मैत्रिणी झाल्यात. शिवाय आता हे हात.” त्यांनी डावा हात उजव्यावर ठेवला. तरी दोन्ही हलत राहिले. “आता खरंच ओलांडून देता यायचं नाही. मार्चात देता येत होतं. ऑगस्टपर्यंत देता आलं असतं. तेवढेच दिवस होते, बाई.”

“किती?” माझ्या तोंडून निघून गेलं. सवय.

“सुट्ट्या सोडून एकोणपन्नास.”

वहिनी उठून खिडकीशी गेल्या. बाहेर कुणाचं तरी पोर सायकलची घंटी उगाच वाजवत होतं.

“मला खरं सांगायचंत,” मिनिटराव म्हणाले. “पाच पन्नास म्हणून ओरडायचंत. मी गोदामात गेलो असतो. पिंपं मोजली असती. वाईट वाटलं असतं, तुम्हाला शिव्या दिल्या असत्या. पण सकाळी तिला सोडून गेलो असतो.”

बोलण्यासारखं जे होतं ते सहा महिन्यांपूर्वीचं होतं.

त्यांनी पुढचा कागद ओढला. चाचणी क्रमांक, तारीख, वेळ: चार मिनिटं दहा सेकंद. वाचला. पेन टेकवलं, आणि हाताच्या थरथरीने कागदच टेबलावरून सरकायला लागला. एकदा सरकला, त्यांनी नीट केला. पुन्हा सरकला. वहिनी खिडकीतून वळल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

“धरा जरा,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी दोन्ही हातांनी कागदाच्या कडा धरल्या. त्यांनी सही केली. तो बाजूला ठेवला, पुढचा घेतला, मी तोही धरला. अजून सेहेचाळीस बाकी होते.